बाकीचं कापड

सिंधूबाईंना मी शाळेत बोलावलं होतं ते झापायला. त्या आल्या, वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, खाली मान घालून माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मी दम घ्यायला थांबले तेवढ्यात हात पुढे करून माझा पदर चिमटीत धरला. अंगठ्याखालून चार बोटं सरकवला आणि म्हणाल्या, "बाई, आठे धागा तुटेल शे." इथं धागा तुटलाय. साडी कोरी करकरीत, त्या दिवशी पहिल्यांदाच नेसलेली. पदर उजेडात धरला तरी मला काही दिसेना. चष्मा लावला तेव्हा कुठे केसाएवढी फट दिसली. मला असा राग आला म्हणून सांगू! बोलावलं मी, आणि चूक निघाली माझ्याच अंगावर.

तो उद्धटपणा नव्हता, हाताची खोड होती. सिंधूबाई कापड तपासायच्या. सुरतेत उधन्याच्या एका कारखान्यात मागावरून उतरलेला कोरा ताका, म्हणजे आपण तागा म्हणतो तो, काचेच्या उतरत्या टेबलावरून ओढत न्यायचा, काचेखाली ट्यूबलाइट, आणि आठ तास त्यात फॉल्ट शोधायचे. तुटलेला धागा, दुहेरी धागा, तेलाचा डाग. सापडला की खडूची खूण करायची, किनारीला लाल दोरा बांधायचा आणि कागदावर लिहायचं. बारा वर्षं हेच केल्यावर बोटं दुसरं काय करणार? बसच्या सीटचं कव्हर, देवळातला पडदा, माझ्या घरची चादर, कशावरूनही त्यांचा अंगठा फिरायचा आणि जिथं थांबायचा तिथं हमखास काहीतरी असायचं.

मी तेव्हा नवागामच्या बाजूला महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. नव्वदनंतरची ती वर्षं. यजमान बँकेत, त्यांची बदली झाली म्हणून नाशिकहून सुरतेला आलो आणि तिथलेच झालो. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून मागावर काम करायला आलेल्यांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्यासमोर पुस्तकातली मराठी. ती मराठी शुद्ध करायचा मी विडाच उचलला होता. शिवाय आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघी 'तुमचे मराठी लोक' म्हणताना नाक मुरडायच्या, ते मला फार झोंबायचं. आपली माणसं चार लोकांत नीटनेटकी दिसावीत ही माझी सगळी धडपड. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याच धडपडीने घोळ घातला.

सिंधूबाईंची उषा माझ्या तिसरीत होती. हुशार पोर, पाढे तोंडपाठ, पण केस कायम पिंजारलेले. बाकीच्या मुली तेल चोपडून, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी अशा यायच्या आणि ही वाऱ्यातून धावत आल्यासारखी. म्हणून आईला बोलावणं. पदराचं प्रकरण झाल्यावर मी दुप्पट चिडून परत विचारलं, "एकच मुलगी आहे ना तुम्हाला? तिच्या वेण्या घालायला दहा मिनिटं होत नाहीत?"

"मी तिले हात लावत नही," सिंधूबाई म्हणाल्या.

"हात लावत नाही म्हणजे?"

छाती धरून त्या दारातच खाली बसल्या, ओठ पांढरे पडले, आणि माझ्या अख्ख्या वर्गासमोर आडव्या झाल्या. मुलं घाबरली. उषा मात्र जागची हलली नाही. "आईला असं होतं," एवढंच म्हणाली आणि पाटीवर गिरवत राहिली.

शाळेच्या तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना मी त्यांना दाखवलं. हृदय ठणठणीत होतं. दोन वर्षं हे असंच चालू होतं म्हणे. गल्लीतल्या दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या चढवून झाल्या होत्या, भगताने लिंबू उतरवून झालं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, यांचं दुखणं शरीरात नाही, यांना बोलायला न्या. आणि कतारगामच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं हंसाबेन म्हणून एक बाई बसायच्या. माणसांशी बोलून उपचार करायच्या. समुपदेशन हा शब्द तेव्हा मलाही नवा होता, सिंधूबाईंना काय सांगणार?

"बोलायचं? सुई नही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बाटली?"

"तीही नाही."

"मग तठे कसाले जावानं?"

मी म्हटलं, मी येते बरोबर. सिंधूबाई अहिराणी बोलणार, हंसाबेन गुजराती, तेव्हा मध्ये मी. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची आणि माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी होती. खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे कुणाला आवडत नाही?

हंसाबेन पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज अगदी हलका. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले. त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "बीजुं?" म्हणजे आणखी काय. तुम्ही काहीही सांगा, त्या मान हलवणार आणि म्हणणार, बीजुं? पहिल्या दिवशी त्यांनी घरचं विचारलं. मी ते सिंधूबाईंना विचारलं. त्या माझ्याचकडे बघत सांगू लागल्या. नवरा मागावर, सासू घरी, उषा, आणि उषाच्या पाठची मीना. मीना तीन वर्षांची असताना तापाने गेली. त्या दिवशी कारखान्यात घाईचं काम होतं. पोरीला औषध पाजून, शेजारणीकडे ठेवून सिंधूबाई कामावर गेल्या. संध्याकाळी परत आल्या तर गल्ली दाराशी जमलेली. भेटायला आलेल्या बायकांसमोर सासू म्हणाली, हिनेच खाल्ली पोर. नवरा भला माणूस, पण गप्प. तो आईला हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. मग सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "खरं शे ते. मीच खादी मनी आंडेर."

मीच खाल्ली माझी लेक. आपला हात लागला की पोर जगत नाही, म्हणून उषाला हात लावायचा नाही, म्हणून तिचे केस तसे. सगळं एका वाक्यात होतं.

हंसाबेननी माझ्याकडे पाहिलं, शुं कहे छे, काय म्हणतात? आणि मी, वर्षानुवर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी, म्हणाले, "यांची धाकटी मुलगी तापाने वारली. तेव्हापासून मन उदास असतं." बस. खाल्ली वगैरे मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर सोसायटीतल्या त्या दोघीतिघींची नाकं होती. काय अडाणी बोलतात या मराठी बायका, असं कुणी म्हणायला नको. आणि सिंधूबाईंचीही अब्रू राखली, असं मला वाटलं. परत येताना बसमध्ये मी स्वतःवर चांगली खूश होते.

चार महिने आम्ही दर गुरुवारी गेलो. हंसाबेन त्यांना सावकाश श्वास घ्यायला शिकवायच्या, झोपेचं विचारायच्या, जेवणाचं विचारायच्या. कळलं की सिंधूबाई ताटावर बसतच नाहीत. सगळ्यांचं झालं की चुलीजवळ उभ्यानेच उरलंसुरलं खातात. साडीसुद्धा फॉल्टच्या कापडाचीच. कारखान्यात कामगारांना तसं कापड स्वस्तात मिळायचं हे खरं, पण चांगली साडी भावाने दिवाळीला दिली तीही त्यांनी नणंदेला देऊन टाकली होती. "आपल्याले हेच शोभस," म्हणायच्या.

एकदा हंसाबेननी घरचा अभ्यास दिला. रोज रात्री स्वतःविषयी दोन ओळी लिहायच्या. सिंधूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. मी त्यांना दुरेघी वही दिली. पुढच्या गुरुवारी वही उघडली तर प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारलेल्या, कारखान्यातल्या कागदासारख्या. वार, वेळ, फॉल्ट. सोमवार, सकाळ, भाजीत मीठ जास्त. सोमवार, दुपार, एक डाग सुटला. मंगळवार, सकाळ, उषावर ओरडले. सात दिवसांत एकतीस नोंदी, सगळ्या वळणदार अक्षरात. हंसाबेननी विचारलं, यात चांगलं काहीच नाही? मी तसं विचारल्यावर सिंधूबाई चकित होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. "बाई, चांगल्या कापडाचं कोण लिहितं? ते तर पुढे जातं."

हंसाबेन पहिल्यांदाच हसल्या. एका ताक्यात किती फॉल्ट निघतात, त्यांनी विचारलं. आठ-दहा. खराब ताका असला तर पंधरा. आणि बाकी? "बाकी बठ्ठं कापड," सिंधूबाई म्हणाल्या. बठ्ठं म्हणजे सगळं. हंसाबेननी त्यावर काही भाषण दिलं नाही. पुढच्या वहीत एक रेघ जास्त मारा, एवढंच सांगितलं. सिंधूबाईंनी रेघ मारली. त्या रकान्यात आठवडाभरात एकच नोंद होती, 'गुरुवार, बाईंसोबत बसमध्ये खिडकी मिळाली.'

तर हे असं चाललं होतं. चक्कर यायची थोडी कमी झाली होती, पण उषाचे केस जसेच्या तसे. मी यजमानांना म्हणायचे, एवढी समजूतदार बाई, हंसाबेन एवढी मेहनत घेतात, हिला गुण का येत नाही? ते म्हणाले, वेळ लागतो. मला वाटायचं, सिंधूबाईच कुठेतरी कमी पडतात.

आणि एका गुरुवारी दवाखान्याच्या दाराशी सिंधूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज तुम्ही बाहेर बठा."

"मी? आणि तुम्ही बोलणार कसं?"

"बोलसू," म्हणाल्या. बोलेन. आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मी बाकावर बसले. शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांच्या पानाची उलटी बाजू मी रागारागाने वाचली. एवढ्या लांब स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळेत येते मी, आणि मला बाहेर बसवते ही बाई? नेहमी अर्धा तास लागायचा, त्या दिवशी तास उलटून गेला. सिंधूबाई बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. व्हरांड्यातल्या माठातलं पाणी त्या दोन पेले भरून प्यायल्या. त्या माझ्याशी निम्मी मराठी आणि निम्मी अहिराणी बोलायच्या. मी इथं बरीचशी मराठीच लिहिते आहे, म्हणजे सवय काही गेलेली नाही.

"बाई," बसस्टॉपवर त्या म्हणाल्या, "मीच खादी म्हटलं, ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

"तुम्हाला गुजराती कळतं?"

"बारा वर्षं झाली सुरतेत. शेठ गुजरातीतच ओरडतो."

"मग मला कशाला नेत होतात?"

"तुम्ही बोलल्या की त्या ऐकायच्या. मन्हं कोण ऐकणार, असं वाटे." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही ते वाक्य सोडलं ना, तेव्हा माले वाटलं, बाईंनाही ते खरंच वाटलं. खरं नसतं तर झाकलं कशाला असतं?"

आयुष्यात मला कुणी असं काही ऐकवलं नव्हतं, आणि ते रागाने म्हटलेलं नव्हतं, हे जास्त लागलं. मी चार महिने त्या बाईची अब्रू झाकत होते आणि ती चार महिने समजत होती की शिकलेल्या बाईंनीही सासूच्या बोलण्यावर सही केली. मला रडूच आलं. सिंधूबाईंनी माझा हात धरला. दुसऱ्या कुणाला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते, आणि तो हात माझा होता.

"मग आज काय म्हणाल्या हंसाबेन?" मी विचारलं.

"काही नही म्हणाल्या. त्यांनी विचारलं, मीना कशी होती?" त्यांचा आवाज बदलला. "दोन वर्षांत माले हे कोणी विचारलं नही, बाई. कशी गेली ते सगळ्यांनी विचारलं."

मग बस येईपर्यंत आणि बसमध्ये पूर्ण वेळ त्या मला मीना सांगत होत्या. पेरूच्या बिया वेचून ओळीत मांडायची. आई कामावरून आली की आईच्या लुगड्यात शिरून तिथूनच हाक मारायची. ताईची पाटी चाटून पुसायची आणि मग मार खायची. नवागाम आलं तरी सांगणं संपलं नव्हतं, आम्ही एक स्टॉप पुढे गेलो.

पुढच्या आठवड्यात मी हंसाबेनना एकटी भेटले आणि जे केलं ते सांगून टाकलं. मला वाटलं, बोलणी खावी लागतील. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बीजुं?" मी त्या खुर्चीवर बसून काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. नाशिक सोडल्यापासून एवढी बोलले नव्हते.

त्यानंतर सिंधूबाई एकट्याच आत जायला लागल्या, पुढे कतारगामलाही एकट्याच. कुणी म्हणेल, एकदा बोलल्या आणि बऱ्या झाल्या. तसं काही नाही. उषाचे केस आणखी अडीच महिने पिंजारलेलेच होते. मधे दोनदा चक्कर आली, एकदा तर तीन आठवडे त्या गेल्याच नाहीत. पण सासूला त्यांनी एक दिवस सांगितलं, "माय, मीना तापाने गेली." भांडून नाही, पोळ्या लाटता लाटता. नवऱ्याने पहिल्यांदाच मान वर करून म्हटलं, "हां, तापानेच गई."

आणि एका सोमवारी उषा वर्गात आली ती दोन वेण्या घालून. एक वेणी कानाच्या वर, एक खाली, भांग वाकडा, तेल कपाळापर्यंत ओघळलेलं. ती दिवसभर मान ताठ ठेवून बसली होती, वेण्या हलू नयेत म्हणून. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख परत लिहिली. मधल्या सुट्टीत फाटकाशी पाहिलं तर सिंधूबाई उभ्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या.

"बरी शे ना?"

"खेळतेय बघा तिकडे."

"ताप नही?"

"नाही हो."

दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. गजाला धरून नुसतं बघायच्या आणि जायच्या. शुक्रवारी मी फाटकाशी वाट पाहिली, त्या आल्या नाहीत. उषाच्या वेण्या मात्र त्या दिवशी सारख्या उंचीवर होत्या.

पुढच्या वर्षभरात मी त्यांना ताटावर बसून जेवताना पाहिलं, आमच्याच घरी, संक्रांतीला. गरम पोळी मागून घेतली. "अजून एक वाढा, बाई," म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या. त्यांच्या गल्लीतल्या एका बाईला असाच त्रास होता, तिला घेऊन त्या हंसाबेनकडे गेल्या. ती म्हणाली, मला बोलता येत नाही, तुम्ही सांगा माझं. सिंधूबाईंनी तिला आत ढकललं. "तुले जसं येस तसं बोल," म्हणाल्या आणि आपण बाहेर बाकावर बसल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे न बघता सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

उषा चौथी पास झाली त्या उन्हाळ्यात त्यांनी सुरत सोडली. नवऱ्याला नंदुरबारला काम मिळालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सिंधूबाई आमच्याकडे आल्या. अंगावर अबोली रंगाची नवी साडी. मी सवयीने पाहिलं, त्या म्हणाल्या, "दुकानातून घेतली. फॉल्टची नही." मी त्या दिवशी मुद्दाम ती पहिल्या भेटीची साडी नेसले होते. चहा झाला, उषाला वह्या दिल्या, आणि मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "सिंधूबाई, ते चार महिने माझ्या मनातून जात नाहीत. तुम्ही बोललात आणि मी ते पोचवलं नाही. मला माफ करा."

त्या पुढे वाकल्या, माझा पदर चिमटीत धरला आणि अंगठ्याखालून सरकवायला लागल्या. तुटलेल्या धाग्यापाशी अंगठा थांबला. मला वाटलं, आता तेच म्हणणार. पण अंगठा पुढे सरकला, आणखी पुढे, सावकाश, पदराचं टोक हातात येईपर्यंत. मग त्यांनी पदर माझ्या खांद्यावर नीट टाकला.

"एक फॉल्ट शे," त्या म्हणाल्या. "बाकी बठ्ठं कापड शे, बाई. नेसत जा."